दोन गिटार-प्रीअँपमधला फरक कानाला खरंच कळतो का?

पिएझो पिकअपच्या (तारांची कंपनं विजेत बदलणारा स्फटिकाचा तुकडा) अकूस्टिक गिटारवर स्वस्त प्रीअँप (पिकअपचा क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट) ‘पातळ’ आणि महागडा ‘भरीव’ वाटला, तर महागडा घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. दोघांचा व्हॉल्यूम मीटर लावून जुळवला होता का? नसेल तर तुम्ही फक्त नॉब ऐकलात. अर्धा-एक डीबी (डेसिबल, पातळीचं माप) जास्त असलेला आवाज ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. दुकानातला डेमो त्यावरच चालतो.

तरी तुमच्या कानाला मी खोटं पाडणार नाही. पिएझो म्हणजे विजेच्या दृष्टीने एक कपॅसिटर. तो १ नॅनोफॅरडचा धरा. प्रीअँपचा इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) १ मेगओहम असेल तर १५९ हर्ट्झच्या खाली बेस गळायला लागतो, आणि सगळ्यात जाड तारेचा ८२ हर्ट्झचा मूळ सूर जवळजवळ ७ डीबीने खाली बसतो. १० मेगओहमला हीच मर्यादा १६ हर्ट्झवर जाते, म्हणजे नुकसान नावापुरतं. याला ‘ऊब’, ‘बॉडी’ असली नावं देणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. ते काम इनपुटच्या एका रेझिस्टरचं असतं.

बाकी फरक तपासायला दोनदा वाजवू नका, हात कधीच तसाच पडत नाही. १० मेगओहमच्या बफरमधून (पिकअपवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारं सर्किट) एकदाच ३० सेकंद रेकॉर्ड करा: मोकळी जाड तार, जोरकस स्ट्रमिंग, शेवटी शांतता. तीच फाइल इंटरफेसच्या (कंप्युटरला जोडायच्या रेकॉर्डिंगच्या डबीच्या) लाइन आउटमधून दोन्ही प्रीअँपना द्या, पातळी गिटारइतकीच ठेवून. बहुतेक जण फसतात ते इथे. इंटरफेसचा आउटपुट शे-दोनशे ओहमचा. त्याला १ मेगओहम काय नि १० काय, सारखेच. खरा फरकच गायब होतो आणि माणूस ‘सगळे प्रीअँप सारखेच’ म्हणून मोकळा. म्हणून इंटरफेस आणि प्रीअँपमधल्या हॉट वायरमध्ये (सिग्नलच्या तारेत) १ नॅनोफॅरडचा फिल्म कपॅसिटर सिरीजमध्ये टाका (अंगावर १०२ छापलेलं असतं). जोडणी पत्र्याच्या डबीत ठेवून डबी ग्राउंडला जोडा, नाहीतर ५० हर्ट्झचा हम शिरतो.

पातळी १ किलोहर्ट्झच्या टोनवर जुळवा. एकाला ५०० मिलिव्होल्ट आले तर दुसरा ४९४ ते ५०६च्या आत हवा, म्हणजे फरक ०.१ डीबी. साधा मल्टिमीटर या फ्रिक्वेन्सीला चुकू शकतो, पण दोन्हीकडे सारखाच चुकतो. टोनचे नॉब मध्यावर म्हणजे फ्लॅट, असं धरून चालू नका. १०० हर्ट्झ आणि ५ किलोहर्ट्झचे टोनही देऊन बघा.

मग दोन्ही प्रीअँपमधून आलेला आवाज रेकॉर्ड करा आणि ती दोन रेकॉर्डिंग फूबार २००० या प्लेअरच्या एबीएक्समध्ये (नाव लपवून वाजवलेलं रेकॉर्डिंग दोघांपैकी कोणतं, हे ओळखायची चाचणी) १६ वेळा ओळखा. १२ बरोबर आले तर मानलं; नुसत्या अंदाजाने तेवढे किंवा जास्त शंभरात चारेकदाच जमतात. आठ-नऊ आले तर छापा-काटा. ‘जाणकाराला एका सुरात कळतं’ म्हणणारे या परीक्षेला सहसा बसत नाहीत.

हां, शांततेतला हिस वेगळा ऐका, आणि जोरकस स्ट्रमिंगला ९ व्होल्टच्या बॅटरीवर कोण आधी फाटतो तेही. पैसे मोजावेत तर या दोन गोष्टींसाठी.

हे सगळं पिएझोपुरतं. मॅग्नेटिक पिकअपला कपॅसिटरची युक्ती चालत नाही. तिथे कॉइल आणि केबल मिळून ट्रेबल ठरवतात. पिएझोला लांब केबल ट्रेबल खात नाही, अख्खी पातळीच खाते: ५०० पिकोफॅरडची केबल साडेतीन डीबी घेऊन जाते.