काळ्या गावठी कोंबडीची अर्धी पिल्लं पट्टेदार. वाड्यावरचे कोंबडे काळा, लाल नि पांढरा. बाप कोण? (डिचोली)

बाप बहुतेक पांढरा कोंबडाच. काळ्या पिसांवरच्या आडव्या पांढऱ्या पट्ट्यांचं जनुक प्रबळ असतं, म्हणजे त्याची एक प्रत असली तरी पट्टे दिसतात. काळ्या किंवा लाल कोंबड्यात ते असतं तर त्याच्याच अंगावर पट्टे दिसले असते. पांढरा रंग मात्र ते झाकतो. हे जनुक झेड या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतं, नराकडे झेड दोन. त्यातल्या एकावरच पट्ट्याचं जनुक असेल तर साधारण अर्धी पिल्लं पट्टेदार निघतात, तुमच्याकडे झालंय तसंच. आणि तो शुद्ध लेगहॉर्न (पांढऱ्या कोंबड्यांची एक जात) नसावा, नाहीतर सगळीच पिल्लं पांढरट झाली असती. फक्त एक बघा: कोंबडी नराचं वीर्य दोन-तीन आठवडे साठवते. म्हापशाच्या बाजारातून नुकतीच आणली असेल, तर बाप तिथलाही असू शकतो.