प्लॉटचे दोन भाग करायचेत, पण एरिया पुरतो का?

प्रश्न: आमचा ८०० चौरस मीटरचा प्लॉट आहे, पुढे घर आणि मागे मोकळी जागा. नियमाने एका प्लॉटची मिनिमम साईझ ४०० चौरस मीटर आहे, मग सरळ अर्धे अर्धे करून मागचा भाग धाकट्या भावाच्या नावावर करता येईल ना?

उत्तर: कागदावर जमतंय असं वाटतं, पण मागच्या भागाला रस्ता कुठून देणार? समजा ४ मीटर रुंद आणि २५ मीटर लांब पट्टी सोडली तर तिथेच १०० चौरस मीटर गेले, आणि बऱ्याच ठिकाणी ही पट्टी मिनिमम एरियात मोजतच नाहीत, म्हणजे भावाच्या हातात हिशोबाला ३००च उरले. लोक नेमके इथेच अडकतात हो, त्यामुळे आधी हेच विचारून घ्या. शिवाय रस्त्याकडची रुंदी पण बघतात. आणि तुमचं आत्ताचं घर विसरू नका, प्लॉट लहान झाला की तेच बांधकाम प्लॉटच्या टक्केवारीत जास्त भरतं, नवीन हद्दीपासून सोडायचं अंतरही कमी पडू शकतं. घरावर लोन असेल तर बँकेची परवानगी लागेल. सर्व्हेअरकडून आधी मोजणी करून घ्या, नुसत्या जुन्या कागदावरच्या आकड्यावर भावाला शब्द देऊ नका.