मॅडम, हिचा ज्युदो बंद करू का?

खेळणाऱ्या मुलींच्या आया माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा प्रश्न बहुतेक हाच असतो: हिचा खेळ बंद करू का? चिडचिड वाढली, गुडघा दुखावला, मार्क घसरले की घरात सगळ्यात आधी खेळावर बोट ठेवलं जातं. इथे सांगते आहे त्या आईचाही प्रश्न हाच होता. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत. सातवीपासून ज्युदो. शालेय स्पर्धांत जिल्हा, विभाग करत राज्यापर्यंत पोचलेली. वजनगट 48 किलो, म्हणजे स्पर्धेआधी काट्यावर 48च्या आत भरायचं. आई म्हणाल्या, "आधी क्लबवरून आली की बडबड थांबायची नाही आणि पोळ्या मोजाव्या लागायच्या नाहीत. आता पानावर बसते आणि भात बाजूला सारते. हिच्या पप्पांना वाटतं अभ्यासाचं टेन्शन आहे. मला वाटतं हा खेळच नको."

मी विचारलं, "ताई, पाळी नियमित येते का तिला?"

त्या जरा गडबडल्या. "चारेक महिने नाही आली. पण खेळणाऱ्या मुलींचं असंच असतं ना? क्लबमधल्या बाकीच्या आयाही तेच म्हणतात."

नाही, असं नसतं. हा समज मला मुलींच्या खेळातला सगळ्यात घातक समज वाटतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते. सरावात खर्च होणारी ऊर्जा आणि पोटात जाणारं अन्न यांचा मेळ बसेनासा झाला की शरीर काटकसर सुरू करतं आणि पाळी थांबणं हे त्याचं एक ठळक लक्षण असतं. त्याबरोबर हाडं कमकुवत होतात, दुखापती लवकर भरत नाहीत, झोप आणि मूड बिघडतो. हाडांची बरीचशी मजबुती याच वयात कमवायची असते, म्हणून सोळाव्या वर्षी हे होणं जास्त महागात पडतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये खेळाडूंमधल्या या ऊर्जातुटीच्या आजाराबद्दल स्वतंत्र निवेदनच काढलं. आधी नियमित असलेली पाळी तीन महिने आली नाही, तर मुलगी खेळाडू असो वा नसो, डॉक्टरांना दाखवायचं. मी त्यांना आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. पोटात अन्न नसलेल्या मुलीशी मनाच्या गोष्टी बोलून फारसं काही हाती लागत नाही.

निघताना ताईंनी दबक्या आवाजात विचारलंच, "पुढे लग्न, मूलबाळ यात काही अडचण?" खाणं आणि सराव यांचा मेळ बसला की पाळी बहुतेक मुलींची परत येते, हे मी सांगितलं. आणि खेळामुळेच मूल होत नाही हा समज जावा म्हणून फ्रान्सच्या क्लारिस आग्बेनेनूचं उदाहरण दिलं. टोकियो ऑलिम्पिकची ही सुवर्णविजेती. जून 2022 मध्ये तिला मुलगी झाली आणि मे 2023 मध्ये, म्हणजे वर्षाच्या आत, दोहाला ती पुन्हा जगज्जेती झाली. ताईंनी तिचं नाव दोनदा विचारून घेतलं, घरी सासूबाईंना सांगायला.

मुलगी सुरुवातीला माझ्याशी बोलेचना. मी जेवणाचा विषय काढलाच नाही. तिचा आवडता डाव विचारला. "उचीमाता," ती म्हणाली, आणि उठून उभी राहून मला पकड दाखवायला लागली: कॉलर कुठे धरायची, बाही कधी ओढायची, समोरचीचा तोल कोणत्या क्षणी जातो. त्यानंतर बोलणं आपोआप वजनावर आलं. तिचं रोजचं वजन 52च्या पुढे होतं. स्पर्धेच्या आधी ती दोन-दोन जॅकेटं घालून पळायची, आदल्या दिवसापासून पाणी बंद, थुंकून थुंकून शेवटचे ग्रॅम काढायची. "सर काही सांगत नाहीत. मीच करते."

का, म्हणून विचारलं तेव्हा खरं कारण बाहेर आलं. "48मध्ये माझा नंबर लागतो. 52मध्ये आमच्याच क्लबची एक ताई आहे. तिला मी एकदाही पाडलेलं नाही." आणि लगेच तिचा बिनतोड वाटणारा मुद्दा: "सुशीलादीदी बघा ना! 2014ला 48 किलो, 2022लाही 48 किलो. दोन्ही वेळा राष्ट्रकुलचं रौप्य. त्यांना जमतं, मग मला का नाही?"

मणिपूरच्या सुशीलादेवी लिक्माबामची कारकीर्द तिला तोंडपाठ होती, टोकियोला भारताकडून गेलेली ती एकमेव ज्युदोपटू, हेही. मी म्हटलं, 2014च्या ग्लासगो राष्ट्रकुलच्या वेळी सुशीलादेवी 19 वर्षांच्या होत्या, तू 16ची आहेस आणि अजून वाढते आहेस. तुझ्या वयाची मुलगी बघायची तर लिंथोई चनंबमकडे बघ. तीही मणिपूरचीच. ऑगस्ट 2022 मध्ये सारायेव्होला 57 किलो गटात कॅडेट, म्हणजे 18 वर्षांखालच्या मुलींत, जगज्जेती झाली. ज्युदोच्या कोणत्याही जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं पदक. मग गुडघ्याची दुखापत झाली, खेळ थांबला. ती परतली आणि 2025 मध्ये लिमाला ज्युनियर जागतिक स्पर्धेत कांस्यपदक घेतलं, ते 63 किलोत. वरच्या गटात.

हे ऐकून ती पटकन तयार झाली, असं मुळीच झालं नाही. उलट पुढच्या भेटीत ती माझ्यावर चिडलेली होती. "तुम्हाला काय, तुम्हाला ट्रायल द्यायची नाही." तिचं बरोबरच होतं, आणि तसं मी तिला म्हटलंही. वरच्या गटात जायचं म्हणजे पहिला नंबर सोडून पुन्हा रांगेत शेवटी उभं राहायचं. सोळाव्या वर्षी हे सोपं नसतं. वजन वाढेल ही तिची भीती नव्हतीच. 48मधली मुलगी नसेन तर क्लबमध्ये मी कोण, ही होती. आमच्या पुढच्या भेटी त्यावरच गेल्या.

त्यात घरचाही भाग होता. दहावी-बारावीचे क्रीडा गुण आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण यांचा हिशोब वडील जेवताना मांडत. त्यांच्या मनात काळजीच होती. पण मुलगी तेवढंच ऐकत होती: पदक चुकलं तर सगळं चुकलं.

तिच्या सरांना मी बोलावून घेतलं. ते आले, यासाठी मला त्यांचं मोल वाटतं. ती पाणी बंद करते हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनीच तिला समजावलं की आंतरराष्ट्रीय स्पर्धांत आदल्या संध्याकाळी वजन झाल्यावर सकाळी काही खेळाडूंचं पुन्हा अचानक वजन घेतात आणि ते गटाच्या मर्यादेपेक्षा 5 टक्क्यांहून जास्त चालत नाही. 48 किलोला 50.4. म्हणजे सुकून वजन भरायचं आणि रात्रीत पाणी पिऊन फुगायचं, ही वाट पुढे खेळच अडवतो. माझ्या चार भेटींपेक्षा सरांचं हे बोलणं तिला जास्त पटलं. घरातला वजनकाटा क्लबमध्ये गेला, वजन आठवड्यातून एकदाच घ्यायचं ठरलं आणि गट कोणता हे आहारतज्ज्ञांनी सांगायचं.

ती 52मध्ये गेली. त्या वर्षीच्या ट्रायलला क्लबमधल्या ताईनंच तिला हरवलं, राज्य स्पर्धा हुकली. ती खूप रडली. पाळी काही महिन्यांनी परत सुरू झाली. पोळ्यांबद्दल मी विचारलं नाही, तिच्या आईंनी आपणहून सांगितलं.

म्हणून खेळ बंद करू का विचारणाऱ्या आयांना मी उलट विचारते: ती पाणी पिते का, पाळी येते का, स्पर्धेआधीच्या आठवड्यात ती कोणाशी बोलते, आणि हरून घरी आल्यावर पहिलं वाक्य तुम्ही काय बोलता? यातलं काही बिघडलं असेल तर ते दुरुस्त करायचं. खेळ सोडायचा की नाही हे त्यानंतर, तिच्यासमोर बसून ठरवायचं. या मुलीला सोडायचा नव्हताच. पुढे पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत जाऊन प्रशिक्षकाचा डिप्लोमा करायचा, असं तिनं मला सांगितलं आहे. वडिलांना अजून नाही.

वडिलांना मात्र 48च बरं वाटतं. तिथे पदक नक्की होतं, असं ते अजूनही म्हणतात. त्यांच्याशी पुढची भेट ठरली आहे. सर येणार आहेत, आणि या वेळी मुलगीही बसणार आहे.