ड्रॅग रेसिंगचा चालक चाळीस-चाळीस वर्षे टिकतो तो कशाच्या बळावर?

आपला प्रश्न असा आहे की, ड्रॅग रेसिंगमध्ये गाडी सरळ रेषेत पाच-सहा सेकंद पळते, वळण नाही की डावपेच नाही. मग एखादा विजेता त्यात चाळीस वर्षे नाव कसे राखतो आणि त्यात चालकाचे कर्तृत्व ते काय? आपल्या मराठवाड्यात ज्याने शंकरपट पाहिला आहे, त्याला याचे निम्मे उत्तर ठाऊक असते. जोडी पाहता पाहता निशाणापार होते, घड्याळात मोजकेच सेकंद पडतात, पण त्या सेकंदांमागे जोडी राखणाऱ्याची वर्षभराची मेहनत असते. उरलेल्या निम्म्या उत्तरासाठी अमेरिकी ड्रॅग रेसिंग चालक डॉन गार्लिट्स यांची कारकीर्द पाहावी, कारण हा माणूस स्वतःची गाडी स्वतः बांधणारा होता आणि माझ्या मते त्याच्या टिकण्याचे खरे कारण तेच आहे.

गार्लिट्स यांचा जन्म १९३२ चा, फ्लोरिडा राज्यातील टँपा येथला. त्या काळी या खेळाचे माहेरघर कॅलिफोर्निया मानले जाई. त्यामुळे १९५७ मध्ये फ्लोरिडातल्या ब्रूक्सव्हिल येथे या तरुणाने पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या, धावेत ताशी १७६ मैलांचा (सुमारे २८४ किलोमीटरचा) वेग गाठल्याची बातमी तिकडे पोहोचली, तेव्हा अनेकांनी ती चक्क थाप ठरवली. पुढे १ ऑगस्ट १९६४ रोजी न्यू जर्सीतील ग्रेट मेडोज येथे त्यांनी ताशी २०१.३४ मैलांचा वेग नोंदवला आणि शंका घेणाऱ्यांची तोंडे बंद झाली. त्यांच्या गाड्यांचे नाव एकच, ‘स्वॅम्प रॅट’. नवी गाडी बांधली की पुढे फक्त क्रमांक बदलायचा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. त्या काळच्या गाडीत इंजिन पुढे असे आणि चालक मागच्या आसापाठी, दोन्ही पाय आसावरून पुढे टाकून बसे. इंजिन फुटले तर उकळते तेल आणि आग थेट त्याच्या तोंडावर येई. १९५९ मध्ये सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारे यंत्र, फुटून गार्लिट्स असेच गंभीर भाजले होते. शिवाय गिअरबॉक्स त्याच्या पायांपाशीच असे. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातील लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर धाव सुरू होताच हा गिअरबॉक्स फुटला, गाडीचे अक्षरशः दोन तुकडे झाले आणि गार्लिट्स यांच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग तुटला. मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत गिअर तपासणीचे काम करतो, तुटलेल्या दातांचे गिअर रोजच हातात येतात. त्यामुळे हा अपघात मला केवळ दुर्दैव वाटत नाही. फिरणाऱ्या भागात साठलेली ऊर्जा त्याच्या गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फेरे दुप्पट झाले की ऊर्जा चौपट होते, आणि अशा भागाला तडा गेला की त्याचा तुकडा वाटेत येईल ते कापत सुटतो. त्या वाटेत माणसाला बसवणे हीच मुळात रचनेची चूक होती, आणि ती सर्वांना दिसत असूनही कोणी सुधारत नव्हते.

गार्लिट्स यांनी ती सुधारली. रुग्णालयात पडल्या पडल्याच त्यांनी इंजिन चालकाच्या पाठीमागे असलेल्या गाडीचा विचार पक्का केला. कल्पना नवी नव्हती. तशा गाड्या आधीही काहींनी बांधल्या होत्या, पण त्या भरवेगात अचानक एका बाजूला ओढत आणि म्हणून धोकादायक ठरल्या होत्या. गार्लिट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही चाचण्यांत हाच अनुभव येत राहिला. अखेर दोष सापडला तो स्टिअरिंगमध्ये. पुढे बसलेल्या चालकाला मागचे चाक सरकल्याचे उशिरा जाणवे, मग तो गरजेपेक्षा जास्त स्टिअरिंग फिरवी आणि गाडी भलतीकडे जाई. त्यांनी स्टिअरिंगचे गुणोत्तर बदलून ते संथ केले, म्हणजे हात तेवढाच फिरला तरी चाक आधीपेक्षा कमी वळेल असे केले, आणि गाडी सरळ धावू लागली. १९७१ च्या आरंभी पोमोना येथील विंटरनॅशनल्स ही मोठी स्पर्धा त्यांनी याच गाडीने जिंकली आणि काही वर्षांतच टॉप फ्युएल या सर्वांत वेगवान वर्गात पुढे इंजिन असलेली गाडी जवळजवळ दिसेनाशी झाली. इतरांचे किती पाय आणि प्राण यामुळे वाचले असतील, याचा हिशेब कोणत्याही गुणफलकावर नसतो.

त्यानंतरचे विजय थोडक्यात सांगतो. एनएचआरए या प्रमुख अमेरिकी संघटनेची टॉप फ्युएलची विजेतेपदे त्यांनी १९७५, १९८५ आणि १९८६ मध्ये मिळवली. शेवटचे मिळाले तेव्हा ते ५४ वर्षांचे होते. मधल्या काळात ते मागे पडले होते, पण १९८४ मध्ये इंडियानापोलिसची यूएस नॅशनल्स ही स्पर्धा जिंकून परतले. डोक्यावर पारदर्शक झाकण आणि निमुळते नाक असलेली त्यांची तिसाव्या क्रमांकाची गाडी १९८७ मध्ये स्मिथसोनियन संग्रहालयात गेली.

कोणी म्हणेल की हे एकाच माणसाचे उदाहरण झाले. दुसरे उदाहरण अमेरिकी चालक जॉन फोर्स यांचे. त्यांची १६ विजेतेपदे फनी कार या दुसऱ्या वर्गातली आहेत, आणि त्यांची घडण मोठ्या संघाची व प्रायोजकांची. तरीही २००७ च्या भीषण अपघातानंतर त्यांच्या संघाने सांगाड्याच्या सुरक्षिततेवर बरेच काम केले आणि २०१३ मध्ये, ६४ व्या वर्षी, ते पुन्हा विजेते झाले. वाट वेगळी, पण मुक्कामाला तेच गाव लागते.

शरीराचा भाग मात्र कोणालाही चुकत नाही. धाव संपल्यावर पॅराशूट उघडते तेव्हा बसणारा उलटा हिसका इतका जबरदस्त असतो की १९९२ च्या पुनरागमनात गार्लिट्स यांच्या डोळ्याच्या पडद्याला इजा झाली आणि त्यांना थांबावे लागले. तरी सत्तरी ओलांडल्यावर, २००३ मध्ये, त्यांनी ताशी ३२० मैलांहून अधिक वेग गाठलाच. पुढे ते विजेवरच्या गाडीकडे वळले: २०१४ मध्ये ताशी १८४ मैल आणि २०१९ मध्ये, ८७ व्या वर्षी, १८९ मैल. १९६४ मध्ये नायट्रोमिथेन या रासायनिक इंधनावर त्यांनी जो २०० मैलांचा टप्पा ओलांडला होता, तोच विजेवर गाठण्याचा त्यांचा मानस होता. तो मान मात्र दुसऱ्याच चालकाने पटकावला.