आपल्याच घरावर दरोडा, तोही पैसे देऊन?

प्रश्न (भुसावळहून एक वाचक, जिनिंगवाले): आमच्याकडे १४ कॉम्प्युटर, एक सर्व्हर, त्याच्यावरच टॅली आणि वजनकाट्याचं सॉफ्टवेअर. एक कंपनी मागे लागून राहिली की आमची रेड टीम तुमच्यावर खोटा हल्ला करेल आणि तुमची ब्लू टीम तो अडवेल. आता आमची ब्लू टीम म्हणजे मी, अकाउंटवाला आणि आठवड्यातून दोनदा येणारा आयटीचा पोरगा. पैसे घालू का?

उत्तर: नका घालू भाऊ, निदान यंदा तरी नको.

हा लाल-निळा प्रकार मूळचा प्रशियाच्या लष्करातला, १८२४ च्या सुमारास तिथले अधिकारी नकाशावर लुटुपुटूची लढाई खेळायचे, आपले ठोकळे निळे आणि शत्रूचे लाल. आज रेड टीमला एकच टार्गेट देतात, समजा तुमची पेमेंटची फाईल, आणि तिथपर्यंत ते कसेही पोचतात, मेलने, फोनवर गोड बोलून, नाहीतर एसीचा मेकॅनिक बनून सरळ आत. ते घुसले का हा प्रश्नच नसतो, बहुतेक वेळा घुसतातच, खरं बघायचं असतं ते इतकंच की कोणाच्या लक्षात आलं, किती वेळाने आलं आणि त्याने पुढे काय केलं. तुमच्याकडे लॉग (सिस्टिममध्ये कोण कधी आलं, काय केलं याची नोंद) बघायलाच कोणी नाही, म्हणजे पैलवान बोलवायचा आणि रिकाम्या आखाड्यात शड्डू ठोकायला लावायचा, रिपोर्ट येईल जाडजूड, ठेवाल कपाटात.

त्यापेक्षा एक संध्याकाळ काढा. गेटवरचा काटेवाला, अकाउंटवाला, आयटीचा पोरगा, सगळ्यांना बसवा, चहा सांगा, आणि म्हणा की सोमवार आहे, कापसाचा सीझन जोरात, गेटबाहेर गाड्यांची रांग, आणि स्क्रीनवर आलं की तुमच्या फायली लॉक केल्या, पैसे द्या. आता बोला! नेटवर्कची वायर कोण काढणार? (मशीन धाडकन बंद करू नका, मेमरीतला पुरावा जातो.) काटापट्टी हाताने लिहायचं पुस्तक आहे का? बँक मॅनेजरचा नंबर कागदावर आहे का त्याच लॉक झालेल्या कॉम्प्युटरमध्ये? पैसे गेले तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन कोण करणार? सर्ट-इनच्या (सायबर हल्ल्यांवर लक्ष ठेवणारी केंद्र सरकारची यंत्रणा) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे असा हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचा असतो, ते कोणाच्या अंगावर? याला टेबलटॉप म्हणतात, खर्च चहाचा. पहिल्याच प्रश्नाला सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतील, बघू द्या, त्यासाठीच बसलात.

आणि एका रविवारी टॅलीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून बघा. मी एका पतसंस्थेत पाहिलंय, रोज रात्री बॅकअप झाल्याचा हिरवा टिकमार्क यायचा, फोल्डर उघडलं तर शेवटची फाईल आठ महिन्यांपूर्वीची. हे नीट जमलं की मग बोलवा रेड टीम, आणि तारीख फक्त मालकाला माहीत पाहिजे, सगळ्यांना सांगून केली तर ती नुरा कुस्ती.

प्रश्न (धुळ्याहून, सहकारी बँकेतल्या कर्मचारी): दिवाळी बोनसचा खोटा मेल पाठवून आमची परीक्षा घेतली. नऊ जणांनी क्लिक केलं, त्यांची नावं मीटिंगमध्ये वाचली. हे बरोबर आहे का?

उत्तर: अजिबात नाही ताई. नावं वाचली की पुढच्या वेळी क्लिक करणारा गप्प बसणार, आणि चोराला तेच पाहिजे. किती जण फसले यापेक्षा पहिला माणूस किती मिनिटांत "मेल गडबड वाटतोय" म्हणून सांगतो ते मोजायला पाहिजे, आणि ज्याने क्लिक करून स्वतःहून सांगितलं त्याला शाबासकी. बोनसचं गाजर तर वाईटच. अमेरिकेत गोडॅडी कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये ६५० डॉलर बोनसचा असाच मेल पाठवला आणि नंतर माफी मागायची पाळी आली.

तुमच्या साहेबांना एक विचारा, सराव नेहमी कामाच्या दिवशी अकरा वाजताच का? पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी गेले, त्यातले बरेच ११ तारखेला जगभरातल्या एटीएममधून, आणि तो होता दुसरा शनिवार, बँक बंद. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८.१ कोटी डॉलर फेब्रुवारी २०१६ मध्ये गेले ते गुरुवारी रात्री, तिकडे शुक्रवारी सुट्टी. चोर पंचांग बघून येतो हो. मग सुट्टीच्या दिवशी दुपारी एटीएम स्विच (एटीएमचे व्यवहार बँकेशी जोडणारी यंत्रणा) बंद करायचा अधिकार कोणाला, तो माणूस लग्नाला गेला असेल तर दुसरा कोण, याचा सराव कधी झालाय का?

प्रश्न (जळगावहून एक विद्यार्थी): प्रॅक्टिस म्हणून आमच्या कॉलेजची वेबसाईट हॅक करून बघू का? सरांनी तोंडी हो म्हटलंय.

उत्तर: तोंडी हो चालत नाही रे बाबा. आयटी कायदा २०००, कलम ४३ आणि ६६, वाचून घे. लेखी परवानगी पाहिजे, आणि ती देणाऱ्याला तो अधिकार पाहिजे. अमेरिकेत आयोवा राज्यात सप्टेंबर २०१९ मध्ये सुरक्षा तपासायला नेमलेले दोन टेस्टर रात्री कोर्टाच्या इमारतीत शिरले, राज्याच्या न्याय विभागाचं कंत्राट खिशात होतं, तरी काउंटीच्या (तिकडचा जिल्हाच म्हण) शेरीफने, म्हणजे तिथल्या पोलीस प्रमुखाने, आत टाकले, कारण काय तर इमारत काउंटीची. केस मागे घ्यायला जानेवारी २०२० उजाडला. तू आपला घरी व्हर्च्युअल मशीन (आपल्याच कॉम्प्युटरमध्ये चालणारा नकली कॉम्प्युटर) टाक आणि ते फोड.