कोर्ट चालत जाता येईल असं कॉलेज

पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला, सोबतची एक्सेल शीटही बघितली. रँकिंग, प्लेसमेंट, हॉस्टेल, फी, लायब्ररी, वायफायसुद्धा. रकाने भरपूर आहेत, फक्त मला बघायचा होता तोच नाही: कॉलेजपासून कोर्ट किती लांब?

हसू नकोस. क्लॅटमध्ये, म्हणजे देशभरच्या विधी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेत, तुझा नंबर परराज्यातल्या एका नव्या विधी विद्यापीठापर्यंत पोचतोय आणि राज्याच्या सीईटीवर इथलं जवळजवळ कुठलंही कॉलेज मिळेल, म्हणून घरात खल चाललाय. मोठ्या फर्ममध्ये बसून करारमदार करायचे असते तर मी डोळे झाकून म्हटलं असतं, जा. त्या फर्म निवडायला तिथेच जातात, आमच्याकडे फारशा फिरकत नाहीत. १९८८ पासून बंगळूरूच्या नॅशनल लॉ स्कूलने जे उभं केलं त्याला नावं ठेवण्याइतका मी खुळा नाही. पण दिवाळीत माझ्या ऑफिसात बसून 'काका, मला कोर्टात उभं राहायचंय' असं म्हणालीस ती तूच ना? मग कोर्ट चालत जाता येईल अशा ठिकाणी शीक. बाकी सगळं नंतर.

वकिलीची सनद सगळ्यांना एकच मिळते. बार काउन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाच्या रजिस्टरात नावापुढे कॉलेजची रँक लिहीत नाहीत. आणि कॉलेजात कोर्ट किती शिकवतात म्हणशील, तर बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत पाच वर्षांत किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप आहे आणि दोन खटल्यांचं निरीक्षण, एक दिवाणी आणि एक फौजदारी. पाच वर्षांत दोन खटले! तेही कित्येक मुलं सिनियरच्या वहीतून उतरवून काढतात. माझ्याकडे येणाऱ्या ज्युनियरांच्या त्या वह्या मी पाहिल्यात. आरोपी तोच, साक्षीदार तेच, शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा त्याच.

मी शिकत होतो तेव्हा तास संपला की समोरच्या दिवाणी कोर्टात शेवटच्या बाकावर जाऊन बसायचो. एकदा मृत्युपत्राचा दावा चालू होता. सहीच्या साक्षीदाराची उलटतपासणी करायला एक म्हातारे वकील उठले. खाट कुठल्या खोलीत होती, कागद कुणी धरला होता, चहा कुणी आणला, पेन कुणाचं होतं, एवढंच विचारून खाली बसले. मृत्युपत्र खोटं आहे, असं साधं सुचवलंसुद्धा नाही. मला वाटलं, यांचं वय झालं. पुढच्या तारखेला दुसरा साक्षीदार आला, त्याला तेच प्रश्न. त्याची खाट सोप्यात होती आणि चहा कुणी केलाच नव्हता. न्यायाधीशांनी मान वर करून बघितलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पुरावा कायद्याचं अख्खं पुस्तक पाठ होतं मला, पण प्रश्न कुठे थांबवायचा हे त्या बाकावर कळलं. आणि दोन्ही तारखांना मी हजर होतो, कारण कोर्ट चालत पाच मिनिटांवर होतं. रिक्षाभाडं पडलं असतं तर पहिल्याच तारखेला नसतो गेलो.

आता तुझं ते परराज्यातलं विद्यापीठ. समजा तिथेही कोर्ट जवळ आहे. साक्षीदार बोलणार त्याच्या भाषेत, तुला काय कळणार? आपल्याकडे १९९८ पासून तालुक्या-जिल्ह्याच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. फेरफार, कैफियत, वहिवाट, निशाणी पाचवरचा हुकूम, हे सगळं कानावरून गेलं पाहिजे. इंग्रजी मागाहून येतं. माझंही तसंच आलं.

तुझा बाप म्हणेल, वकीलसाहेब स्वतः सांगलीत राहिले म्हणून पोरीलाही इथंच अडकवतायत. म्हणू दे. खंत मलाही आहे. अपिलाचे कागद मी तयार करायचे, रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठायची आणि हायकोर्टात उभा राहणार दुसराच. मी मागं बसून चिठ्ठ्या पुढं सरकवायच्या. माझे किती मुद्दे लोकांच्या तोंडून मांडले गेले, ते मीच जाणे. पण त्यांची फाइल खालच्या कोर्टात नीट बांधलेली असायची ती माझ्यामुळे, आणि ती बांधायला मी शिकलो त्या बाकावर. अडकलो म्हण, राहिलो म्हण. मी राहिलो असंच म्हणणार.

आणि तुझं माझ्यासारखं होणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं, सांगलीसकट सहा जिल्ह्यांसाठी. वकिलांनी त्यासाठी काही दशकं आंदोलनं केली, त्यातल्या कित्येकांनी ते बघितलंही नाही. सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत आता हायकोर्ट बसतंय आणि त्याच गावात १९३३ पासूनचं शहाजी लॉ कॉलेज आहे. जिल्हा कोर्टही तिथंच. तुझ्या शीटमध्ये ते अकराव्या नंबरावर टाकलंयस! मी पहिलं टाकलं असतं. दुसरं मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय: १८५५ पासूनचं, फी कमी, ओव्हल मैदान ओलांडलं की हायकोर्ट. तिसरं पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेज. नाव मोठं, लायब्ररी उत्तम, पण शिवाजीनगर कोर्टाला पाऊण तास चालावं लागेल. चालशील? मग तेही चालेल.

न्यायाधीश व्हायचंही मनात आहे म्हणालीस. २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने त्यालाही आधी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. म्हणजे तिकडूनही कोर्टातच यायचंय.

ऑप्शन फॉर्म भरताना मैत्रिणीची यादी उतरवू नकोस. प्रत्येक कॉलेजला बार काउन्सिल ऑफ इंडियाची चालू वर्षाची मान्यता आहे का, बघून घे. तुमचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर आत्ताच काढून ठेव. कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून, प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना राज्याने २०२४ पासून शिक्षण शुल्क माफ केलंय. परराज्यात त्याचा उपयोग नाही, आणि तुझा बाप तिकडच्या फीसाठी द्राक्षबाग तारण ठेवायला निघालाय.

त्याला सांग, बँकेच्या कागदावर अजून सही करायची नाही. रविवारी मी तासगावला येतोय. तो माझं ऐकणार नाही, शाळेतही ऐकायचा नाही. पण सातबारावर बोजा चढायच्या आधी एकदा भांडून तरी बघतो.

तुझा,
वकीलकाका