घाटाच्या गावात ऑटोमॅटिक गाडी निवडताना

साताऱ्यात राहून पहिली ऑटोमॅटिक गाडी घेत असाल, तर चाचणी पोवई नाक्यापर्यंतच न घेता गाडी यवतेश्वरच्या घाटात न्या, कारण गिअर केव्हा बदलायचा हे तिच्या संगणकाला कसे शिकवले आहे, ते चढावरच्या वळणातच कळते.

ऑटोमॅटिकचे मुख्य प्रकार चार. त्यांतली एएमटी ही मुळात मॅन्युअल गिअरपेटीच असते, फक्त क्लच आणि गिअर यंत्रणा हलवते. भारतात ती २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओमधून आली. गिअर बदलताना तिची ओढ क्षणभर तुटते आणि मान पुढे झुकते; नेमक्या त्या वेळी अ‍ॅक्सिलरेटर किंचित सैल केला, तर धक्का बराच कमी होतो, आणि ही सवय आठवड्याभरात लागते. सीव्हीटी या दुसऱ्या प्रकारात ठरावीक गिअर नसल्यामुळे जोरात दाबल्यावर आवाज आधी चढतो, वेग मागून येतो. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचची गिअरपेटी, चपळ असते, पण तिचा क्लच कोरडा, म्हणजे तेलात न बुडवलेला असेल, तर गाड्यांच्या रांगेत सरकताना तो तापतो. घाटासाठी मला टॉर्क कन्व्हर्टरच भरवशाचा वाटतो, कारण त्यात शक्ती द्रवातून जाते आणि चढावर थांबून निघताना क्लच झिजण्याचा प्रश्न येत नाही.

तरीही नुसत्या प्रकारावर निर्णय घेऊ नका. तीच गिअरपेटी इंधन वाचवण्यासाठी जुळवली असेल, तर घाईने वरच्या गिअरमध्ये जाते आणि चढावर रेंगाळते. अशा गाडीत स्पोर्ट मोड लावून फरक पाहा. उतरताना मात्र ‘डी’वर, म्हणजे नेहमीच्या ड्राइव्ह मोडवर, विसंबू नका, मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरून इंजिनालाच वेग रोखू द्या, म्हणजे ब्रेक तापणार नाहीत.